दोन उणे, एक अधिक: वागळे इस्टेटजवळच्या एका दहावीच्या वर्गाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ठाण्यात वागळे इस्टेटच्या कारखान्यांना आणि गाळ्यांना लागून किसननगर, सावरकरनगर, लोकमान्यनगर अशी दाट वस्ती आहे. तिथल्या एका मंडळाच्या सभागृहात शनिवार-रविवारी संध्याकाळी एक वर्ग भरतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या बायका तिथे येतात. वयं पंचविशीपासून पन्नाशीपर्यंत. कुणी पॅकिंगच्या गाळ्यात कामाला, कुणी पोळीभाजी केंद्र चालवणारी, एक घरी शिलाई करणारी, एक दवाखान्यात मदतनीस, एक बचत गटाची खजिनदार. शाळा सुटण्याची कारणं ठरलेली: लग्न, धाकटी भावंडं, वडिलांचं आजारपण, गावात सातवीपुढे शाळाच नसणं. परत येण्याची कारणं मात्र वेगवेगळी होती. दवाखान्यातल्या ताईंना नोकरीत कायम व्हायला प्रमाणपत्र हवं होतं. पोळीभाजीवाल्या काकूंची मुलगी नववीत होती आणि तिच्याआधी आपण सुटावं असं त्यांच्या मनात होतं.

गणित शिकवणाऱ्या मॅडम दिवसा दुसरीकडे शिकवतात, इथे स्वयंसेवक म्हणून येतात. मी त्या वर्षी वर्गाचं व्यवस्थापन बघत होतो. मॅडमनी ठेवलेल्या नोंदी, बायकांशी वेळोवेळी झालेलं बोलणं आणि मी मागच्या बाकावर बसून पाहिलेले तास यांवरून हे लिहिलं आहे. नावं कुणाचीच दिलेली नाहीत. कामावरून ओळख पटेल एवढं पुरे.

अडचण

मराठी, विज्ञान, इतिहास या विषयांत बायका वाद घालायच्या, हसायच्या, शेजारणीच्या वहीत डोकावून चूक दाखवायच्या. गणित भाग १ निघाला की वर्ग गप्प. भूमितीत निदान आकृती तरी दिसते. बीजगणितात नुसती अक्षरं आणि चिन्हं. ‘मॅडम, माझं डोकंच नाही गणिताचं’ हे वाक्य इतक्या वेळा यायचं की ते हजेरीसारखं झालं होतं.

चुका बघितल्या तर त्यात एक सूत्र होतं. ‘उणे गुणिले उणे अधिक’ हा नियम सगळ्यांना पाठ होता, पण तो गुणाकाराचा आहे हे गळून गेलं होतं. दोन उणे दिसले की अधिक, मग ती बेरीज का असेना. त्यामुळे −३ − ४ चं उत्तर बहुतेक वह्यांत ७ असायचं.

मॅडमनी एकदा तेच गणित तोंडी विचारलं. तीन हजार उसने घेतले, फेडले नाहीत, वर आणखी चार हजार घेतले; आता काय स्थिती? सगळ्या एकदम म्हणाल्या, सात हजार देणं. ‘मग वहीत अधिक सात कुठून आले?’ यावर खजिनदार मावशींनी दिलेलं उत्तर मॅडमनी जसंच्या तसं टिपून ठेवलं आहे: ‘वहीतलं वेगळं असतं, मॅडम.’

मावशी गटाचं रजिस्टर चालवतात. कुणाचा हप्ता थकला, व्याज किती, दंड किती, हे त्यांना बोटांवर असतं. पण त्यांच्या लेखी ते गणित नव्हतं, तो व्यवहार होता. गणित म्हणजे वरून आलेली गोष्ट. ती कुणीतरी ठरवली, आपण पाळायची, ‘का’ विचारायचं नाही. अडचण हिशेबाची नव्हतीच. आपल्याला विचारण्याचा हक्क नाही, हा समज होता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: बीजगणित सोडून द्यायचं. भूमितीच्या रचना, सांख्यिकी, संभाव्यता, अर्थनियोजन एवढं घोटून घ्यायचं आणि पास होण्यापुरते गुण जमवायचे. बाहेरून बसणाऱ्यांच्या अनेक वर्गांत हेच करतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. अडचण एवढीच की उणे चिन्ह बीजगणितापुरतं थांबत नाही. निर्देशक भूमितीत ते आहे, सांख्यिकीत गृहीत मध्य धरून मध्य काढताना विचलनांतही आहे.

दुसरा, सराव वाढवायचा. गाइडमधले प्रश्नसंच पुन्हा पुन्हा सोडवून घ्यायचे. हे आधीच्या तुकडीबरोबर केलं होतं. चुका कमी झाल्या, पण चारच दिवस. मध्ये दिवाळी आली की पहिले पाढे पंचावन्न.

तिसरा, सहावीच्या पूर्णांक संख्यांपासून नव्याने सुरुवात. शास्त्रशुद्ध म्हणाल तर हाच. पण परीक्षा मार्चमध्ये आणि बायकांच्या हातात आठवड्याच्या दोन संध्याकाळी, त्यातही पाहुणे, आजारपण, ओव्हरटाइम.

चौथा पर्याय मॅडमच्या मनात होता: प्रत्येक तासाची पहिली वीस मिनिटं गणिताच्या इतिहासाला द्यायची. मी साशंक होतो. वीस मिनिटं म्हणजे दोन-तीन उदाहरणं, आणि बोर्ड इतिहासाला गुण देत नाही. शेवटी ठरलं ते मिश्रण: सराव चालू ठेवायचा, वीस मिनिटं इतिहास करून बघायचा आणि सहामाहीच्या सुमारास थांबवायचं की पुढे न्यायचं ते ठरवायचं.

पहिला टप्पा: थोरांच्या गोष्टी

इतिहास म्हटल्यावर आपल्याकडे आधी तसबिरी येतात. तसंच झालं. आर्यभट, भास्कराचार्य, रामानुजन. शून्य भारताने दिलं. बायकांनी आदराने ऐकलं, एकीने घरी जाऊन मुलाला सांगितलंही. वहीत मात्र −३ − ४ अजून ७ च होते.

याचं कारण मला तेव्हा कळलं नाही, दवाखान्यातल्या ताईंच्या एका वाक्यानंतर थोडं कळलं. रामानुजनची गोष्ट ऐकून त्या म्हणाल्या, ‘अशी माणसं जन्मालाच तशी येतात.’ म्हणजे गोष्टीने अंतर वाढवलं होतं. गणित देवमाणसांचं, हा त्यांचा आधीचाच समज आम्ही पुराव्यानिशी पक्का करत होतो.

या टप्प्यातला एकच तास खरा रंगला, तो कापरेकरांचा. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) देवळालीला शाळामास्तर होते. त्यांनी काही संख्यांना ‘डेम्लो’ नाव दिलं ते एका रेल्वे स्टेशनावरून, कारण त्या संख्यांची कल्पना त्यांना तिथे सुचली. डेम्लो म्हणजे आजचं डोंबिवली! रोज डोंबिवलीहून लोकलला लटकत ठाण्याला उतरणाऱ्या पॅकिंगवाल्या ताईंचा यावर विश्वासच बसेना. मग १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा वर्ग १२३४३२१ हे फळ्यावर झालं. त्यानंतर ६१७४. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा. आलेल्या संख्येवर पुन्हा तेच. ३५२४ वरून ३०८७, त्यावरून ८३५२, त्यावरून ६१७४, आणि मग तिथेच मुक्काम. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ही संख्या येतेच. ज्याने त्याने आपल्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार आकडे घेतले आणि अर्धा तास वजाबाक्या झाल्या, न सांगता.

मजा आली, हे खरं. पण उणे चिन्हाची भीती जिथल्या तिथे होती. सहामाहीला मी थांबवण्याच्या बाजूने होतो. मॅडमनी दिशा बदलून आणखी थोडा वेळ मागितला आणि मी तो दिला. या प्रकरणातला कळीचा निर्णय हाच.

दुसरा टप्पा: भांडणांचा इतिहास

मॅडमनी आता माणसांऐवजी एक प्रश्न धरला: उणे संख्या लोकांनी मानल्या कधी? उत्तर मोठं आहे आणि फारसं गौरवाचं नाही.

चीनमध्ये हिशेबाच्या काड्या असत. तिसऱ्या शतकातल्या लिऊ हुईने लिहून ठेवलं आहे की धन संख्यांना लाल काड्या आणि ऋण संख्यांना काळ्या वापराव्यात. आज हिशेबात तोटा लाल शाईने दाखवतात, म्हणजे बरोबर उलट. मावशींना हे फार आवडलं. आपल्याकडे भिल्लमाळच्या, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळच्या ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन, ऋण आणि शून्य यांचे नियम सलग मांडले: दोन ऋणांची बेरीज ऋण, धन आणि ऋण यांचा गुणाकार ऋण, दोन ऋणांचा गुणाकार धन. वहीत गोंधळ उडवणारे दोन्ही नियम त्याच्याकडे वेगवेगळे, शेजारी शेजारी लिहिलेले आहेत. त्याच ब्रह्मगुप्ताने शून्याला शून्याने भागलं तर शून्य येतं असंही लिहून ठेवलं. आजचं गणित ते मानत नाही.

इथे एक वळण आलं. वर्गातल्या एकीने व्हॉट्सअॅपवर आलेला मजकूर वाचून दाखवला. त्याचा सूर, सगळं आपल्याकडेच आधी होतं आणि बाकीच्यांनी चोरलं. मॅडमनी वाद टाळला नाही, वाढवलाही नाही. चिनी काड्यांचा काळ फळ्यावर लिहिला, ब्रह्मगुप्ताचा लिहिला, आणि शून्य भागिले शून्यही लिहिलं. ‘मोठा माणूस होता. चुकलाही.’ एवढंच बोलल्या. माझ्या मते इथे भाषण दिलं असतं तर तास हातचा गेला असता.

मग युरोपातले गणिती. श्टिफेलने १५४४ मध्ये उणे संख्यांना निरर्थक ठरवलं. कार्दानोने १५४५ मध्ये समीकरणांच्या उणे उत्तरांना काल्पनिक म्हटलं. देकार्तने १६३७ मध्ये त्यांना खोटी उत्तरं म्हटलं. १७९६ मध्ये, म्हणजे इकडे सवाई माधवरावांचं निधन होऊन गेलं होतं तेव्हा, विल्यम फ्रेंड नावाच्या केंब्रिजच्या माणसाने उणे संख्या पूर्ण वगळून बीजगणिताचं पुस्तक काढलं. त्याचा जावई ऑगस्टस डी मॉर्गन, जन्म आपल्या मदुराईचा, पुढे मोठा गणिती झाला. त्यालाही ही उणी उत्तरं पटेनात.

डी मॉर्गनने १८३१ मध्ये दिलेलं उदाहरण मॅडमनी फळ्यावर लिहिलं. वडील ५६ वर्षांचे, मुलगा २९ चा. किती वर्षांनी वडिलांचं वय मुलाच्या दुप्पट होईल? समीकरण ५६ + क्ष = २(२९ + क्ष). उत्तर क्ष = −२. डी मॉर्गनच्या मते हे उत्तर असंबद्ध. प्रश्नच चुकीचा विचारला, असं त्याचं म्हणणं.

पोळीभाजीवाल्या काकू समीकरणाकडे बघतही नव्हत्या. त्यांनी ५६ आणि २९ बोटांवर मागे नेले. ‘होऊन गेलं की ते. दोन वर्षांपूर्वी. चोपन्न आणि सत्तावीस.’

मॅडम थांबल्या. मग म्हणाल्या, ‘काकू, लंडनच्या प्राध्यापकाला जे उत्तर वेडगळ वाटलं ते तुम्ही आत्ता सरळ वाचलंत.’ वर्ग हसला. पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. काकूंनी विचारलं, ‘मग त्याला का नाही कळलं?’ गणिताच्या तासात त्या वर्गाने विचारलेला हा पहिला ‘का’, निदान माझ्यासमोरचा.

मॅडमनी लोखंड तापलं होतं तोवर घाव घातला. उणे दोन वर्षं म्हणजे दोन वर्षांपूर्वी, हे काकूंनीच ठरवलं होतं. आता खात्यातून दर महिन्याला ५०० रुपयांचा हप्ता जातो, म्हणजे महिन्याला −५००. तीन महिन्यांनी खातं आजच्यापेक्षा किती वेगळं असेल? ३ × (−५००) = −१५००. आणि तीन महिन्यांपूर्वी किती वेगळं होतं? मावशी म्हणाल्या, दीड हजार जास्त होते. ‘तीन महिन्यांपूर्वी’ला उणे तीन लिहा. (−३) × (−५००) = १५००. मावशींनी ती ओळ वहीत उतरवली आणि खाली रजिस्टरच्या सवयीने दोन रेघा मारल्या.

उणे गुणिले उणे अधिक का, याची सिद्धता म्हणून हे अपुरं आहे. वितरणाच्या नियमावरून येणारी सिद्धता मॅडमनी नंतर दाखवली आणि ती निम्म्या बायकांच्या डोक्यावरून गेली. पण बेरजेतले दोन उणे आणि गुणाकारातले दोन उणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या संध्याकाळी जागेवर बसलं.

माकडं आणि कोपरा

वर्गसमीकरणांपाशी इतिहासाने पुन्हा हात दिला. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, बाराव्या शतकाच्या मध्यावर, माकडांचं एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग केला, तितकी माकडं गुहेत गेली. एक फांदीवर दिसलं. तर कळप किती? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नास घेतले तर दहातून तीन गेले सात, साताचा वर्ग ४९, अधिक एक, जुळतं. पाच घेतले तर एकातून तीन गेले उणे दोन, वर्ग चार, अधिक एक, तेही जुळतं. पण भास्कराचार्य पाच नाकारतात. कारण काय देतात? व्यक्त, म्हणजे प्रत्यक्ष मोजायची संख्या ऋण झाली की त्यावर लोकांची प्रतीती नसते, त्यांना ती पटत नाही.

पॅकिंगवाल्या ताई मूळच्या चाळीसगाव तालुक्यातल्या. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापला, आणि त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, हे कळल्यावर त्या ताठ बसल्या. पण अभिमानापेक्षा त्यांना त्या कारणाचं नवल वाटलं. ‘म्हणजे त्यांनी आमचा विचार केला? लोकांना पटणार नाही म्हणून उत्तर सोडलं?’ सोडलेलं उत्तरही गणितात बसतं आणि गोष्टीत बसत नाही, हा फरक त्यांनी आपणहून पकडला.

पूर्ण वर्ग पद्धतीसाठी मॅडम बगदादला गेल्या. इ. स. ८२० च्या सुमारास तिथल्या अल्-ख्वारिझ्मी या गणितीने समीकरणं चिन्हांशिवाय, निव्वळ शब्दांत लिहिली. एक वर्ग आणि त्याची दहा मुळं मिळून ३९. आपल्या भाषेत क्ष² + १०क्ष = ३९. कागदाचा एक चौरस कापला, बाजू क्ष. दहा मुळांच्या दोन पट्ट्या केल्या, प्रत्येकी पाच रुंदीच्या, आणि चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना लावल्या. शिलाईवाल्या ताई बघत होत्या. त्यांचा हात आपोआप पुढे गेला: ‘इथे कोपऱ्याला तुकडा कमी पडतोय. पाच बाय पाचचा.’ तुकडा लावला, ३९ अधिक २५, ६४ चा पूर्ण चौरस, बाजू आठ, त्यातून पाच गेले, क्ष बरोबर तीन. पुस्तकात ज्या ओळीला त्या अडत होत्या, म्हणजे क्ष च्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग मिळवण्याच्या ओळीला, तिला त्या नंतर कायम ‘कोपरा लावणे’ म्हणत राहिल्या.

अक्षरांची भीती याहून लवकर गेली. आपले जुने गणिती अज्ञात संख्येला ‘यावत्तावत्’ म्हणत आणि थोडक्यात ‘या’ लिहीत, दुसरी अज्ञात आली की रंगांची नावं: काळक, नीलक, पीतक, म्हणून का, नी, पी. समीकरणात ‘का’ आणि ‘नी’ लिहून एक तास गेला. बरोबरचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये आणलं आणि त्याआधी लोक ते शब्दांत लिहीत, हे कळल्यावर चिन्हं आकाशातून पडलेली नाहीत एवढं पटलं. यावर जास्त वेळ घालवण्याची गरज पडली नाही.

उलट परिणाम

सगळं सुरळीत झालं असं नाही. फ्रेंडच्या पुस्तकाची गोष्ट झाली त्या दिवशी वेळ संपला आणि तास अर्ध्यावर सुटला. पुढच्या शनिवारी एका ताईंनी गृहपाठच केला नव्हता. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: एवढ्या शिकलेल्या माणसाला हे चूक वाटतं, तर आम्ही कशाला शिकायचं? संशय दाखवला, पण तो कसा फिटला हे दाखवायचं राहून गेलं होतं. त्यानंतर मॅडमनी शिस्त लावली की वाद ज्या तासात उघडायचा त्याच तासात मिटवायचा. वेळ नसेल तर उघडायचाच नाही.

दुसरा परिणाम गुणांवर झाला. सराव परीक्षेत पॅकिंगवाल्या ताईंनी ‘समीकरण सोडवा’ या प्रश्नाचं उणे उत्तर खोडून फक्त अधिक उत्तर ठेवलं. त्यांना माकडं आठवली होती. अल्-ख्वारिझ्मीनेही त्याच्या समीकरणाचं दुसरं उत्तर, −१३, घेतलं नव्हतं, कारण चौरसाची बाजू उणे नसते. पण परीक्षेत नुसतं समीकरण दिलं असेल तर दोन्ही मुळं लिहावी लागतात. शाब्दिक उदाहरण असेल तरच गोष्टीशी ताडून एखादं सोडायचं, आणि का सोडलं ते लिहायचं. हा भेद मॅडमनी फळ्याच्या कोपऱ्यात शेवटपर्यंत तसाच ठेवला.

नाणेघाटची सहल

जानेवारीत बायकांनीच नाणेघाटाचा आग्रह धरला. कल्याणहून मुरबाड, तिथून पुढे वैशाखरेपर्यंत गाडी आणि मग चढण. सातवाहन राणी नागनिकेच्या लेखात दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी आकडे कोरलेले आहेत. त्यात दहाला वेगळं चिन्ह, शंभराला वेगळं, हजाराला वेगळं. शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. परीक्षा दोन महिन्यांवर असताना एक पूर्ण रविवार द्यावा का, यावर आमच्यात मतभेद होते. गेलो.

हवा छान होती, डबे उत्तम होते. जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहून मावशींनी कोण किती टाकत असेल याचा अंदाज बांधला. लेख मात्र झिजलेला आहे, गुहेत उजेड कमी, आणि तयारीशिवाय गेलेल्याला त्यात अंक ओळखू येत नाहीत. गणिताच्या दृष्टीने तो रविवार जवळजवळ वाया गेला. बायकांना विचारलं तर त्या हे मान्य करणार नाहीत.

परिणाम

परीक्षेला बसलेल्यांपैकी बहुतेकींचं गणित सुटलं. एकीचं राहिलं, तिने जुलैच्या पुरवणी परीक्षेत काढलं. एक ताई सासूबाईंच्या आजारपणामुळे परीक्षेलाच बसू शकल्या नाहीत. गुण कुणाचेच डोळे दिपवणारे नव्हते. यात इतिहासाचा वाटा किती आणि सरावाचा किती हे वेगळं काढता येत नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होते, आणि मॅडम त्याच असल्या तरी पहिल्या टप्प्यानंतर त्यांची शिकवण्याची पद्धतच बदलली होती.

बदल दिसला तो वागण्यात. ‘हे कुणी ठरवलं?’ हा प्रश्न नेहमीचा झाला. त्रिकोणमितीत साईन, कोसाईन आल्यावर त्यांनी आधी तोच विचारला. चूक झाली की पूर्वी वही मिटायची. आता ‘ब्रह्मगुप्त झाला’ असं म्हणून खोडरबर फिरायचा. चिन्हांच्या चुका मात्र पूर्ण गेल्या नाहीत. घड्याळ लावून पेपर सोडवला की जुनी सवय डोकं वर काढायची, आणि ती फक्त सरावानेच कमी झाली.

‘माझं डोकंच नाही’ हे वाक्य बंद झालं असं लिहायला मला आवडलं असतं. दवाखान्यातल्या ताई ते अजून म्हणतात. फक्त आता त्या पुढे ‘पण’ लावतात आणि शंका विचारतात.

वेगळं काय करता येईल

थोरांच्या गोष्टींचा पहिला टप्पा पूर्ण गाळता येईल. कापरेकर ठेवावेत, पण सुट्टीआधीच्या तासाला. सुरुवात थेट डी मॉर्गनच्या वयाच्या उदाहरणाने करावी, कारण तिथे बायकांना येतं ते आणि पुस्तकाला हवं ते एकाच ओळीत भेटतं.

वीस मिनिटं प्रत्येक तासाला देण्याची गरज नव्हती. उणे संख्या, अक्षरं आणि पूर्ण वर्ग, या तीन जागी इतिहास कामाला आला. अंकगणित श्रेढीत आणि संभाव्यतेत आम्ही तो ओढूनताणून आणला आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. अर्थनियोजनात तर बायकाच आम्हाला शिकवत होत्या.

नाणेघाटला जायचंच असेल तर आधी ब्राह्मी अंकांचा तक्ता वर्गात लावून, त्यात दोन-चार मोठ्या संख्या लिहून घेऊन, मग दिवाळीच्या सुट्टीत जावं.

एका मुद्द्यावर मॅडमचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. काही बायका दरवर्षी उशिरा येतात, परीक्षा तीन-चार महिन्यांवर आल्यावर. माझं म्हणणं, त्यांना सरळ पहिला पर्याय द्यावा: सुटणारी प्रकरणं घ्या, गुण जमवा. मॅडमचं म्हणणं, वयाचं एक उदाहरण आणि हप्त्याची ती एक ओळ एवढं त्यांनाही द्यायचं, त्याला अर्धा तास लागतो. यंदा तीन बायका उशिरा आल्या आहेत. अर्धा तास द्यायचं ठरलं आहे. तो तास खजिनदार मावशी घेणार आहेत, आपलं रजिस्टर घेऊन.